दुसरा कान

३ ऑगस्ट, सोमवार

आजपासून मी संशोधक! चौथी पास बाई. तीस वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईत चादरी पिळल्या, आता नातीच्या पीएचडीला कान देणार.

तिनं तीनदा समजावून सांगितलं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी एक फोन आहे. ते लावतात, पलीकडून कुणीतरी बोलतं. ते बोलणं त्यांना विचारून टेप केलंय, नावं काढून टाकलीत. हिला शोधायचंय की माणूस फोन खरा कशासाठी करतो. मी दोन-दोन मिनिटांचे तुकडे ऐकायचे आणि समोर आकडा टाकायचा. १ म्हणजे खरंच काम आहे. २ म्हणजे तक्रार. ३ म्हणजे काम-बिम काही नाही, नुसती सोबत हवी. असे बाराशे तुकडे. आमच्या आकड्यांवरून ती कॉम्प्युटरला शिकवणार, मग तो उरलेल्या चाळीस हजार फोनांना आपला आपण आकडे टाकणार.

"शिकलेली माणसं फार डोकं चालवतात, आजी. तुझा कान स्वच्छ आहे." लोणी लावायला बरोबर जमतं कार्टीला!

दुसरा कान वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईचा. तेच तुकडे, पण तिनं तिच्या घरी ऐकायचे. अट एकच — आम्ही एकमेकींशी त्याबद्दल बोलायचं नाही. एक अक्षर नाही.

बरं बाई. नाही बोलत.

५ ऑगस्ट

चाळीस तुकडे झाले. कान गरम झाले. वाटलं होतं बसून करायचं काम आहे, त्यात कसला थकवा! चादरी बऱ्या. पिळल्या की गप्प पडतात.

एक म्हातारा आहे, त्याला मी नळवाला म्हणते. दर मंगळवारी फोन — नळ गळतोय. माणूस पाठवतो म्हटलं की हा विचारतो, तुमच्याकडे पाणी कसं येतं? तुम्ही कुठल्या मजल्यावर? मी ३ टाकला. नळ कसला गळतोय!

१२ ऑगस्ट

पहिले शंभर तपासले. माझे आणि शिंपीणबाईचे अठ्ठावन्नच जुळले. नात कॉम्प्युटरसमोर बसून राहिली, हातातला चहा गार झाला तरी कळलं नाही.

"निदान पंचाहत्तर तरी जुळायला हवेत, आजी. नाहीतर पुढे काही उभंच राहत नाही."

कुठल्या फोनला कुठला आकडा, ते नियम परत लिहून काढते म्हणाली. साडेपाच वर्षं झाली या पोरीला. मुदत दोनदा वाढवून घेतली. तिच्या गाइडबाईंनी सांगून टाकलंय — तीस सप्टेंबरला प्रबंध आला नाही तर नाव कमी होणार. तिसऱ्यांदा विचारायलाही येऊ नकोस.

मुलाचा फोन आला होता. "अजून काय करते ती? कॉम्प्युटरला म्हाताऱ्यांच्या गप्पा ऐकवते? लग्नाचं वय गेलं, नोकरीचं चाललंय." मी म्हटलं, तू तुझं बघ. दहावीला दोनदा बसलास ते मी कुणाला सांगत नाही.

१३ ऑगस्ट

दुपारी ती ग्रंथालयात गेल्यावर वर गेले. शिंपीणबाई काज करत होती. म्हटलं, तू नळवाल्याला काय दिलंस?

"सांगायचं नाहीये ना?"

"पोरगी बुडतेय आणि तू नियम सांगतेस?"

तिनं वही काढली. नळवाल्याला १ दिला होता! मी म्हटलं, तुला काय कळतं, नळासाठी फोन करणारा माणूस मजला विचारतो का? ती म्हणाली, बरं, ३ तर ३. तुझी नात आहे.

आता रोज दोन ते चार तिच्याकडे. एकदा ऐकायचं, ठरवायचं, दोन वह्यांत लिहायचं. यात कुणाचा काय तोटा?

२० ऑगस्ट

शिंपीणबाई आता वादही घालत नाही. सुईत दोरा ओवते आणि विचारते, "किती टाकू?"

एक बाई फोन करून नुसतं आज काय शिजवलं ते सांगते. पलीकडची हो हो करते. मला काही ते ऐकवेना. ३ टाकला आणि पुढं गेले.

२९ ऑगस्ट

शंभरात पंच्याण्णव जुळले!

नातीनं मला खुर्चीसकट मिठी मारली. गुडघा ठेचला माझा. "शेवटी नियम नीट वाचलेत तुम्ही दोघींनी!"

वाचले ना.

९ सप्टेंबर

कॉम्प्युटरनं चाळीस हजार फोनांना आकडे टाकले. शंभरातल्या एकसष्ट माणसांना काही नको असतं, नुसती सोबत हवी असते — असं निघालं. गाइडबाई म्हणे उठून उभ्या राहिल्या. आतापर्यंत सगळे धरून चालले होते की लोक कामासाठी फोन करतात. आता अख्खा प्रबंध या एकसष्टावर उभा.

नात चार दिवसांनी पोटभर जेवली. मी आपली भांडी घासत बसले.

१६ सप्टेंबर

आज तिनं एक पान वाचून दाखवलं. आमच्यावर लिहिलंय म्हणाली. त्यात एक वाक्य आहे. आठवतंय तसं लिहिते — 'दोन्ही श्रोत्यांनी परस्परांशी कोणतीही चर्चा न करता, स्वतंत्रपणे वर्गीकरण केले.'

"कशी वाटली ओळख? छापून येणार तू!"

मी विचारलं, दोघी कशाला लागतात गं? एक पुरत नाही?

"एकीच्या मनात काय आहे ते कॉम्प्युटरनं शिकायला नको ना, आजी. दोघींना वेगवेगळं ऐकून तेच वाटलं तर ते त्या फोनमध्ये आहे असं धरायचं. नाहीतर ते फक्त ऐकणारीच्या डोक्यात."

हे मला कुणी सांगायला हवं होतं? धुलाईत पाळी बदलताना दोघी जणी चादरी मोजायच्या. एक आत, एक बाहेर. एकदा एकीनं दुसरीला आकडा विचारला आणि तोच सांगितला. अकरा चादरी कमी आहेत हे महिनाभर कुणाला कळलं नाही. मुकादमीण मीच होते. त्या विचारणारीला कामावरून काढायला मीच लावलं होतं.

१७ सप्टेंबर

डोळे चुरचुरतात. काही लिहीत नाही.

१८ सप्टेंबर

शिंपीणबाईला म्हटलं, सांगावं लागेल.

"वेड लागलंय का? बारा दिवस राहिलेत. पोरीची साडेपाच वर्षं घालवशील." मग दोरा दातानं तोडून म्हणाली, "आणि रागावू नकोस, पण त्या माणसाचा नळ खरंच गळत होता. मागं टप टप ऐकू येत होतं. मी पहिल्याच दिवशी ऐकलं. तुलाच ज्याच्या त्याच्या बोलण्यात सोबत ऐकू येत होती."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तुझ्यापुढं कोण बोलणार!"

उठून आले. जिना उतरताना दोनदा थांबले.

म्हणजे तो एकसष्टचा आकडा कुणाचा? चाळीस हजार माणसांचा, की माझा?

२० सप्टेंबर, रविवार

सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती, तिथंच उभं राहून सांगितलं. रडगाणं गायले नाही. कधी, किती वाजता, कुणी काय टाकलं, सगळं.

ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. हातातला टॉवेल तिनं पुन्हा पुन्हा झटकला.

"पहिले अठ्ठावन्न जुळले होते ना आजी, ते खरे होते. मी नियम सुधारले होते. दुसऱ्या खेपेला आपोआप वर गेले असते. सगळ्यांचं असंच होतं."

मला कुठं माहीत होतं!

"परत करायचं तर दोन महिने लागतील. माझ्याकडे दहा दिवस आहेत."

मग कपडे वाळत घालून झाल्यावर, माझ्याकडे न बघता — "कुणाला बोलू नकोस. शिंपीणकाकूंनाही सांग."

२२ सप्टेंबर

घरात दोघी. जेवलीस? हो. औषध घेतलंस? हो.

ते पान आज पुन्हा टेबलावर होतं. ते वाक्य पेन्सिलीनं खोडलेलं. संध्याकाळी बघितलं तर खोडरबरानं पुसून परत होतं तसं.

२४ सप्टेंबर

प्रबंध बांधायला द्यायचा शनिवारी. जिल्दवाल्यानं कापडाचे तुकडे दाखवायला पाठवलेत. निळं की मरून, विचारलं तिनं. मी म्हटलं, तुझा प्रबंध. म्हणाली, "माझा कुठला!" आणि दार आपटून आत गेली.

कंटाळले आहे. म्हातारपणाचा हा कंटाळा नव्हे, तो वेगळा असतो, झोपलं की जातो. कुणाचं तरी भलं करायला गेल्याचा आहे हा.

सकाळी तिला सांगणार आहे — तुझं तू काय ते ठरव. मी माझ्यापुरतं बोलणार. पंच्याण्णव मी केले आहेत.

२५ सप्टेंबर

गाइडबाईंचा नंबर तिनंच लावला आणि फोन माझ्या हातात दिला. मी सगळं सांगितलं. बाईंनी विचारलं, "तिला हे माहीत आहे?" मी म्हटलं, नाही, तिला काहीच माहीत नाही. नातीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "मॅडम, मला रविवारपासून माहीत आहे."