कफीलची नक्कल

बाबा, तुम्ही जाऊन दहा वर्षं होत आली आणि मी आज लिहायला बसलोय. सातवीपर्यंतचं माझं अक्षर, तुम्हाला माहीतच आहे. सौदीत आहे मी, खमीस मुशैतला, सुतारकामावर. इथे लढाई लागलीय. डोक्यावरून विमान गेलं की रंध्यावरचा हात आपोआप थांबतो. सगळ्यांनाच घरी जायचंय, पण पासपोर्ट कफीलच्या टेबलाच्या खणात. कफील म्हणजे आमचा मालक. त्याने सही केल्याशिवाय या देशातून पाय निघत नाही.

तुम्ही वर्षभर चिऱ्याच्या खाणीत राबायचात आणि शिमग्यात नमनाच्या खेळात मावशी व्हायचात. आईचं लुगडं नेसून कंबर मुरडत आलात की बाया आधीच पदर तोंडाला लावायच्या. वीस वर्षं. पलीकडच्या तालुक्यातून बोलावणं यायचं. मला मात्र शाळेत पोरं ‘मावशीचा पोरगा’ म्हणायची. एकदा रागाने म्हटलं, सोडा हे. तुम्ही दाढी करत होतात. म्हणालात, “हसतात ते मला. तू कशाला वाटून घेतोस?”

गावचा मुख्य मानकरी, गावकर, पुढ्यातच बसलेला असायचा आणि मावशी पहिली त्यालाच धरायची. त्याची चाल, त्याचा चिकटपणा, सगळं काढायची. तो पोट धरून हसायचा, वर बक्षीस द्यायचा. एखाद्या वर्षी त्याला सोडलं तर रुसायचा.

गेल्या आठवड्यात कफील कबूल झाला, शनिवारी तुला सोडतो. शुक्रवारी दुपारी जेवणं झाली, माणसं नुसती भिंतीकडे बघत बसलेली. मी उठलो, टॉवेल डोक्यावर घेतला आणि कफील झालो. खण उघडतो, एकेक पासपोर्ट काढतो, वास घेतो, परत ठेवतो. लढाई लागल्यापासून पहिल्यांदा खोली हसली. शेजारच्या खाटेवरचे दापोलीचे चाचा डोळे पुसत होते. तेच एकदम म्हणाले, “बस कर रे. मागे बघ.”

कफील दारात उभा. मला वाटलं, आता हसेल. त्याच्याकडे बघत मी आणखी एकदा वास घेतला.

“खलास,” म्हणाला आणि गेला. शनिवारी खण उघडलाच नाही. आता लढाई संपेपर्यंत विचारूही नकोस, असा निरोप आला.

चाचा विचारतात, त्याला बघितल्यावर तरी का नाही थांबलास? मी सांगतो, आमच्या गावची रीत डोक्यात होती. आईला कळवलंय, सुट्टी पुढे गेली. दोन्ही अर्धंच खरं. हा कागद मी कुठे टाकणार नाही, म्हणून लिहितो. माणसं अजून हसत होती बाबा, आणि तेवढ्या घटकेपुरता मी शनिवार विसरलो होतो.