पियूचे चौदा चमचे

तलासरी,
९ जानेवारी २०२५

जिवलीबाई विहीणबाईंना चंद्रिकाचा मनापासून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमच्याकडेही बरंच असणार. गेल्या पंधरा दिवसांत मी सतरा वेळा फोन लावला आणि सतराही वेळा तुम्ही कापलात, म्हणजे हात तरी ठणठणीत आहे. म्हणून हे पत्र. मुकेशच्या हाती देणार होते, पण माझा हा लेक अच्छाड नाक्यावर टेम्पो उभा करून चहाबरोबर वाचून काढेल. त्यापेक्षा पोस्ट बरं.

थंडी चांगली पडलीय. वाल फुलावर आहे. पियूच्या आजोबांचा गुडघा दुखतो, पण जत्रेचं नाव काढलं की थांबतो. कोंबड्या अंडी भरपूर देतायत.

पियू मजेत आहे. सात किलो शंभर ग्रॅम भरली. खालचा एक दात बोटाला लागतो.

आता तुम्ही पाठवलेल्या नागलीच्या सत्त्वाबद्दल. मी फोनवर म्हटलं होतं की नागली नीट भाजली नव्हती, म्हणून पोरीला बाधली. ते मी जरा जास्तच बोलले. तुमच्या लेकीने, दक्षाने, रागाने तो डबा कोंबड्यांपुढे ओतला होता. कोंबड्यांना काही झालं नाही. उलट अंडी वाढली. म्हणजे सत्त्वात दोष नव्हता.

मग दोष कशात होता ते लिहायचं म्हणून मघापासून दोनदा उठून चूल बघून आले. चुलीवर काहीच नाही.

लिहितेच आता.

तुम्हाला ठाऊक आहे, मी बावीस वर्षं अंगणवाडीत आहे. या पाड्यातल्या प्रत्येक आईला मीच सांगितलंय की सहा महिने पुरे झाले की वरचं खाणं सुरू करायचं. आधी दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट. मग हळूहळू वाढवत अर्ध्या वाटीवर यायचं. आईचं दूध चालूच ठेवायचं. दक्षाने तर हे सगळं कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. ती कंपनीत जायला लागल्यावर पियू माझ्याबरोबर अंगणवाडीत यायला लागली आणि भरवायचं काम माझ्याकडे आलं.

सात दिवस मी तुमचं सत्त्व कागदाप्रमाणेच भरवलं. आठव्या दिवशी दोन चमचे झाले, मी वाटी खाली ठेवली. पियू रडली नाही, हट्ट केला नाही. नुसतं तोंड उघडून माझ्याकडे बघत बसली.

मी तिसरा दिला. चौथ्याला म्हटलं, चमचा तरी केवढासा आहे! सहाव्याला म्हटलं, पोरगी वाढत्या अंगाची. आठव्याला म्हटलं, अर्धं तर झबल्यावरच सांडतंय, ते कशाला धरायचं? अकराव्यानंतर तिने मान फिरवली. मी, बावीस वर्षांची जुनी सेविका, चिऊ-काऊ दाखवून तिची मान परत इकडे वळवली. चौदाव्याला वाटी खरवडली.

तासाभरात तिने माझ्या साडीवर, रजिस्टरवर आणि वजनकाट्यावर ओकलं. पोट टम्म. दक्षा कामावरून आली तेव्हा रडून रडून पोरीचा आवाज बसला होता. आम्ही तसेच मोटरसायकलवर बसून दवाखान्यात गेलो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती खाल्लं होतं?"

मी म्हटलं, "दोन चमचे."

"दोन चमच्यांनी असं होत नाही. नवीन काही दिलंत का?"

दक्षा माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "हिच्या माहेरचं सत्त्व."

विहीणबाई, माझ्या तोंडून ते इतक्या सहज निघालं की मलाच खरं वाटलं. घरी येऊन त्याच जोरावर तुम्हाला फोन केला आणि नागली कशी भाजायची ते तुम्हाला शिकवलं. तुम्हाला! पियू दुसऱ्या दिवशी सकाळी हसायला लागली. दक्षाचं मात्र माहेराशी बोलणं बंद झालं.

काल अंगणवाडीत आयांची बैठक होती. दक्षाला सुट्टी होती, ती पियूला घेऊन पुढेच बसली होती. मी चमचा हातात धरून नेहमीचं सांगितलं. तर रूपी म्हणून एक नवी आई आहे, ती म्हणाली, "ताई, बाळ तोंड उघडून बघतच राहिलं तर तुम्हाला जमेल काय थांबायला?"

मी म्हटलं, "नाही जमलं." आणि सगळं सांगून टाकलं. चौदा आकडा ऐकून अठरा बाया अशा हसल्या की एकीला उचकी लागली, तिला पाणी द्यावं लागलं. दक्षा हसली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "आई, त्या बायांना सांगितलंत. माझ्या आईला कोण सांगणार?"

आणखी एक गोष्ट आहे. ती बैठकीत सांगितली नाही. मुकेश एवढाच होता तेव्हा मी वाडीत मजुरीला जायचे. संध्याकाळी त्याला पेज पाजायचे, तीही वरचं पाणी. ते संपलं की तो असाच तोंड उघडून बघत बसायचा, आणि टोपात काही नसायचं. वजनाच्या तक्त्यावर तो लाल पट्ट्यात, म्हणजे फारच कमी वजनाचा होता. हे मुकेशलाही ठाऊक नाही. त्या दिवशी माझ्या हातात भरलेली वाटी होती आणि समोर उघडं तोंड. मला थांबता आलं नाही. पण म्हणून खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

सत्त्व चांगलं होतं. भाजणी चांगली होती. चूक माझी आणि नाव तुमचं घेतलं. मला माफ करा.

पत्र मिळालं की येत्या रविवारी या. नवीन सत्त्व आणा, तुमच्या हाताने भरवा. किती द्यायचं ते दक्षा सांगेल. मी लांब ओट्यावर बसेन.

अजून मानत असाल तर तुमची विहीण,
चंद्रिका


कोसबाड,
१४ जानेवारी

चंद्रिकाबाईंना नमस्कार.

पत्र पोचलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, वाचायला वेळ लागला. तुमच्या साडीवर आणि वजनकाट्यावर आले तिथे हसू आवरेना, म्हणून आणखी वेळ लागला. मुकेशरावांचं दोनदा वाचलं.

रविवारी येते. पण मलाही एक सांगायचंय. दक्षा बाळंतपणाला आली ती माझ्याकडेच राहिली, परत जाईपर्यंत पियूला पाचवा महिना लागला होता. दक्षा अंघोळीला गेली की मी पिकलेला चिकू बोटावर घेऊन पोरीला चाटवायचे. रोज. ती तोंड उघडायची ना! तुमचा फोन आला तेव्हा मला वाटलं, डॉक्टरला ते कळलं. म्हणून एवढी भडकले, आणि म्हणूनच फोन उचलायची हिंमत झाली नाही. तुमचा राग नव्हता, माझी भीती होती.

दक्षाला हे सांगायला पाहिजे. तुम्ही अठरा बायांपुढे सांगितलंत, मला एका लेकीपुढे सांगायचंय आणि तेच जड जातंय. तुम्ही लांब ओट्यावर बसू नका. माझ्या शेजारी बसा, मग मी बोलेन.

तुमचीच,
जिवली