टँकरच्या पाळीचं संगणकीकरण

३ एप्रिल २०१६, रविवार
सोसायटीची मीटिंग, पार्किंगमध्ये. विषय एकच, टँकर. बोअर आटून दीड महिना झाला. टँकर येतो एक दिवसाआड आणि चोवीस फ्लॅटांपैकी बारांनाच पुरतो. उरलेले बारा पुढच्या वेळी. आता आधी कोण आणि नंतर कोण, हे ठरवतं कोण? तर वॉचमन धोंडिबाची बायको मुक्ताबाई! लोक गेटपाशी रांगेत हंडे ठेवून जातात, आणि कुणाचा हंडा कितवा हे बाई तोंडपाठ सांगतात. लेखी पुरावा शून्य. मी सेक्रेटरी या नात्याने उभा राहिलो आणि पाळी यापुढे कॉम्प्युटर लावील असं जाहीर केलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मोठी गोष्ट पचायला वेळ लागतो. मुदत १ मे.

५ एप्रिल, मंगळवार
माळ्यावरून कॉम्प्युटर काढला. पेंटियम फोर. रिटायर होताना ऑफिसच्या भंगारातून घेतलेला. त्यावर लिनक्स टाकलेलं आहे. विंडोज सामान्य माणसांसाठी असतं. सॉफ्टवेअरही मिळालं. कुठल्याशा परदेशी युनिव्हर्सिटीने कालव्याचं पाणी पाळीने वाटायला तयार केलेलं, फुकट. फक्त ते कोडच्या रूपात येतं, आपल्या मशीनवर कंपाइल करून चालतं करून घ्यावं लागतं. पंधरा मिनिटांचं काम. ज्ञानेश्वरीला, म्हणजे आमच्या हिला, हे सगळं नीट समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, ते समदं खरं, पण पाणी कवा? बायकांना प्रक्रियेत रस नसतो.
गेटवर नोटीस लावली: रांगेत हंडे ठेवण्यास आजपासून सक्त मनाई. जुनी व्यवस्था मोडल्याशिवाय नवी येत नाही.

८ एप्रिल, शुक्रवार, पाडवा
शुभमुहूर्तावर कंपाइल सुरू. मशीन म्हणालं, एक लायब्ररी नाही. लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने आधीच लिहून ठेवलेला कोड, ज्याच्या जिवावर आपला प्रोग्राम चालतो. किरकोळ बाब. घरी नेट नाही, म्हणून स्कूटरवर औरंगपुऱ्यात मुख्तारच्या नेट कॅफेत गेलो. पेन ड्राइव्हवर लायब्ररी घेतली. मुख्तार म्हणाला, कायकू परेशान हो रे साब, एक्सेल में दस मिनट का काम है. मी नुसता हसलो.

९ एप्रिल, शनिवार
त्या लायब्ररीला दुसरी लायब्ररी लागते. औरंगपुरा. दुसरीला तिसरी. औरंगपुरा. तिसरी आणली तर ती फारच नवी निघाली, माझ्या मशीनला जुनी पाहिजे. औरंगपुरा. तोवर मुख्तारने शटर ओढलं होतं. उद्या त्याने सगळी यादी एकदम काढू म्हटलं तर मी ऐकणार नाही. एका वेळी एकच अडचण, ही शास्त्रीय पद्धत आहे.
आज टँकर आला. रांग नव्हती. तळमजल्याच्या बद्रीनाथने चार ड्रम भरले, कारण त्याचं दार गेटला लागून आहे. आम्हाला अर्धी बादली. संक्रमणकाळ.

१३ एप्रिल, बुधवार
मुक्ताबाई दारात. म्हणाल्या, सायेब, हंडे ठिवू द्या की. लोक एकमेकांच्या अंगावर धावून जायलेत. मी त्यांना धीर दिला की काम नव्वद टक्के झालं आहे. कशाच्या नव्वद टक्के, हे त्यांनी विचारलं नाही, ते बरं झालं.

१५ एप्रिल, शुक्रवार
विलक्षण पेच. जीलिब नावाची लायब्ररी म्हणते, आधी पीकेजी-कॉन्फिग आणा. पीकेजी-कॉन्फिग म्हणतं, आधी जीलिब आणा. दोघंही आपापल्या दारात उभे, पहले आप, पहले आप. दिवसभर विचार केला. जगात हा पेच पहिल्यांदा मलाच पडला असावा.

१६ एप्रिल, शनिवार
मुख्तारला पेच सांगितला. त्याने सोबत आलेली रीडमी, म्हणजे सूचनांची फाइल उघडली आणि तिसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं. हा पेच सोडवायची एक ओळ तिथेच छापलेली. साब, पढ़े नहीं क्या? मी म्हणालो, रीडमी नवशिक्यांसाठी असते. मात्र ती ओळ मी ज्या सफाईने टाइप केली, ती नवशिक्याला जमली नसती.

१९ एप्रिल, मंगळवार
सगळ्या लायब्रऱ्या हजर. सकाळी दहाला कंपाइल सुरू केलं. पंधरा मिनिटांचा अंदाज थोडा चुकला, सहा तास लागणार. साडेबाराला लाइट गेली. पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी पुन्हा गेली. हे वीज मंडळाचं अपयश आहे. माझं नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

२१ एप्रिल, गुरुवार
बेचाळीस डिग्री. मशीन तापतं आणि अर्ध्यावर आपोआप बंद पडतं. प्रोसेसरला थंडावा हवा. कूलर आहे, पण गेले दोन महिने कोरडा. स्वयंपाकघरात दोन बादल्या भरलेल्या दिसल्या. कूलरमध्ये ओतल्या आणि मशीनपुढे लावला. काय सुंदर चाललं! अठ्ठावन्न टक्के!
संध्याकाळी कळलं की त्या दोन बादल्यांसाठी ही पहाटे साडेपाचपासून गेटवर उभी होती आणि दोन्ही तिने तीन जिने चढून आणल्या होत्या. दुखऱ्या गुडघ्यांसकट. मी तिला समजावलं की हे पाणी वाया गेलेलं नाही, पाण्याच्याच नियोजनात गुंतवलेलं आहे. ती काहीच बोलली नाही. पटलं असावं.

२२ एप्रिल, शुक्रवार
ही बिडकीनला भावाकडे गेली. कडूबा मोटरसायकलवर न्यायला आला होता. कोरड्या कूलरकडे आणि कॉम्प्युटरकडे बघून म्हणाला, दाजी, तुमच्या मशीनला पाणी लागतंय व्हय? जाताना ही म्हणाली, घरात दोन दिवस सलग प्यायचं पाणी दिसलं की फोन करा, येते. नाय दिसलं तर करू नका.
एका अर्थी बरंच झालं. एकाग्रता वाढेल.

२५ एप्रिल, सोमवार
एकाग्रता वाढलेली नाही. चहा मीच करतो. पाणी विकतच्या जारचं, तेही दुसऱ्या दिवसापर्यंत उरत नाही. भांडी तशीच पडलीत. कूलरला पाणी नाही, म्हणून मशीनचं झाकण काढलं आणि वर्तमानपत्राने वारा घालत बसलो. तीन तास. हात बदलून बदलून. घर फार शांत आहे. मला ते आवडत नाही.

२८ एप्रिल, गुरुवार, दुपारी ३.१०
झालं!! शंभर टक्के. एकही एरर नाही. चोवीस फ्लॅटांची नावं भरली. हिला फोन करावासा वाटला, पण अट आठवली. अट पाण्याची होती, प्रोग्रामची नाही.

१ मे, रविवार
मीटिंग. यादी छापून नेली, सुबक, रकाने आखलेली. वाचायला चौदा नंबरच्या आमरीन मॅडमकडे दिली, त्या शाळेत शिकवतात. त्यांनी दोन ओळी वाचल्या, थांबल्या आणि विचारलं, काका, ये जनवरी दो हजार दो कैसे? मशीनच्या आतला घड्याळाचा सेल केव्हाच मेला आहे, त्यामुळे ते स्वतःला चौदा वर्षं मागे समजतं. प्रोग्रामने बिचाऱ्याने मशीनवर विश्वास ठेवला. थोडक्यात, यादीप्रमाणे चोवीसही फ्लॅटांची पाळी चौदा वर्षांपूर्वीच होऊन गेली होती. त्या काळी, बद्रीनाथने सांगितलं, बोअरला पाणीही होतं.
लोक बराच वेळ हसले. मग ठराव झाला: हंड्यांची रांग पूर्ववत, मुक्ताबाईंकडे. सेक्रेटरी मीच राहिलो. दुसरं कोणी उभंच राहिलं नाही. हा विश्वासदर्शक ठराव मानायला हरकत नाही.

२ मे, सोमवार
मुक्ताबाईंनी न विचारता माझा हंडा पाचवा लावला. म्हणाल्या, वहिनी नाय घरी, तुमाला जमायचं नाय. दोन हंडे भरले, फेऱ्या मारून वरचा ड्रमही. वर आणताना दुसऱ्या जिन्यावर बसावं लागलं. ही रोज हे करत होती. आधी कधी मोजल्या नव्हत्या, एकूण चोपन्न पायऱ्या आहेत.

३ मे, मंगळवार
ड्रममध्ये अजून पाणी. दोन दिवस सलग. हिला फोन केला. पाणी खरंच आहे का, असं तिने तीनदा विचारलं. झाकण वाजवून दाखवलं. उद्या दुपारच्या बसने येते म्हणाली. घर झाडलं.

४ मे, बुधवार, दुपारी १.३०
टँकर चारला येणार. ड्रमचा तळ दिसायला लागला आहे. आज पाळी खरं तर उरलेल्या बारांची, पण ही येणार म्हणून मुक्ताबाईंनी आमचा हंडा दुसरा लावला. मुक्ताबाई जेवायला गेल्या आणि तोवर रांगेकडे बघायचं काम त्यांनी माझ्यावर सोपवलं. म्हणजे शेवटी अनुभवाची कदर होतेच. गेटपाशी खुर्ची टाकून बसलो आहे आणि तिथेच हे लिहितो आहे. एक कल्पना सुचली. प्रत्येक हंड्याला नंबरचं स्टिकर. लाल फ्लॅटधारक, निळे भाडेकरू. सविस्तर मांडणी मागच्या पानावर.

दुपारी २.१५
मांडणी पूर्ण. मान वर करून हंडे मोजले. एक कमी आहे.
आमचाच.
ही बिडकीनहून निघाली आहे. फोन लागत नाही.