कुंपणापलीकडचं ऊन

१४ मे २०१६, ट्रॉय
मागच्या घरात नवीन आलेल्या प्रभाकरकाकांना रविवारी बेसनाचे लाडू दिले. मराठी माणसं म्हणून. आज ते त्यांच्या कंपोस्टच्या ढिगात दिसले, सगळेच्या सगळे. वरचं फॉइल मात्र नीट घडी करून रिसायकलिंगमध्ये. पहिल्या भेटीत आमच्या हॉलमधल्या बुद्धाकडे बघून त्यांनी आडनाव विचारलं, तेव्हाच कळायला हवं होतं. आता ते खत त्यांच्या वांग्यांना. घाला. बघते किती वांगी येतात.

२१ मे
नर्सरीत विचारलं, सगळ्यात मोठं, भराभर वाढणारं काय? सिल्व्हर मेपल, इथलंच झाड. माणूस म्हणाला, "बर्ड्स विल लव्ह यू." बर्ड्सचं बघू. कुंपणापासून दहा फुटांवर लावलं, नियमात बसवून. प्र. काकांचा वाफा बरोब्बर उत्तरेला. सावली तिकडेच पडणार.

८ जुलै
हरणांनी शेंडा खाल्ला. चक्क रडले. जाळी आणली. लेक म्हणते, "आई, हू प्लांट्स अ ट्री अ‍ॅट समवन?"
मी.

५ सप्टें. २०१९
खारी झाडावरून थेट काकांच्या टोमॅटोंवर. मी खारींना काही बोलले नाही.

२९ मार्च २०२२
अजून थंडी, आणि फांद्यांवर लाल फुलं. मधमाश्या आल्या. बघत बसले, ऑफिसला उशीर. कशासाठी लावलंय ते विसरायचं नाही.

२ ऑग. २०२४
दुपारी दोनला अख्खा वाफा सावलीत. वांगी लिंबाएवढी. लाडू केले, एकटीने खाल्ले. त्यांच्या मीनाकाकू आजारी आहेत म्हणे, खिडकीशी पलंग आणलाय. त्याचं मला काय.

१७ मे २०२५
काकू हिवाळ्यात गेल्या. आज काकांच्या दारात 'फॉर सेल'. मुलाकडे टेक्ससला चालले. असा संताप आला. आत्ता कुठे सावली पुरायला लागली होती.

७ जून
प्र. काका दारात. लाडवांनंतर नऊ वर्षांत पहिल्यांदा. हातात दह्याचा डबा, त्यात वीतभर मेपल. "ताई, वाफ्यात आता हेच उगवतं. तुमच्या झाडावरचे ते लाल कार्डिनल पक्षी बघत पडून असायची ही. एक रोप नेऊ का?"
विचारलं, "लाडू आठवतात?"
डब्याकडे बघत म्हणाले, "आठवतात."
डबा काढून घेतला. उद्या या म्हटलं.
ओट्यावर ठेवलाय. माती सुकली होती, पाणी घातलं. तेवढंच.