पेटीवर ठेवलेली चिठ्ठी

आये, परवा गावात मतदान झालं. सगळीकडे साथ आहे, माणसं तोंडाला फडकी बांधून हिंडतात. शाळेच्या दारात एका पोरीनं माझ्या कपाळापुढं ताप मोजायचं यंत्र धरलं, हातावर औषध ओतलं आणि म्हणाली, "आजी, घाबरू नका, आजारी माणसांना शेवटच्या तासाला बोलावलंय." मी म्हटलं, "आमच्या येळंला पण शेवटीच बोलावलं होतं." ती हसली. म्हातारी काहीतरी बरळतेय असं वाटलं असेल तिला. वाटू दे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा चेहरा आठवायला बसले तर आधी तुझे हात आठवतात, आणि मग बराच वेळ दुसरं काही येतच नाही.

देशातली ती पहिली मोठी निवडणूक. ओढ्यापलीकडची आपली वस्ती म्हणजे मोजकी घरं. आता तिथं कंपनीचं गोडाऊन आहे आणि ओढा सिमेंटच्या नळ्यांतून जातो. त्या थंडीत वस्तीवर देवी आल्या आणि आपल्या धाकट्याच्या अंगावर उठल्या. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. घरात फोडणी नाही, केस विंचरणं नाही, उंबरा ओलांडायचा नाही. बया पाहुणी आलीय, ती उतरेपर्यंत तिला दुखवायचं नाही. दादा खडकीला कारखान्यात होते, बाप असूनही त्यांना निरोप गेला की येऊ नका. मला शाळेत टोचलेलं होतं आणि तुझ्या तोंडावर लहानपणच्या देवीचे वण होते, म्हणून त्याच्याजवळ आपण दोघीच बसायचो. धाकट्याला मात्र टोचलेलं नव्हतं. टोचणारा माणूस गावापर्यंत यायचा, ओढा ओलांडायचा नाही. चपला भिजतात म्हणे.

मतदानाच्या आधी पाटील ओढ्याच्या पलीकडं उभे राहून ओरडले, "कडुलिंब लागलेल्या घरातलं एक बी माणूस शाळंकडं फिरकायचं न्हाई. गाव मारता काय?" भीती खरी होती, नाही कशी म्हणू? पण वस्तीचं मत पाटलांच्या माणसाला पडणार नव्हतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारची काकू दारातून म्हणाली, "जाऊ दे की बाई, मत काय भाकरीसंगं खायाचंय?" तू धाकट्याच्या अंगावरची माशी हाकत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "टोचायला कुनी का आलं न्हाई, ह्ये इचारायचं हाय मला. दुसरं कुठं जाऊन इचारू?" तुझं असं बोलणं फार कमी असायचं, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं असेल.

मग आमचे गुरुजी आले. शाळेतल्या मतदानाचं काम त्यांच्याकडंच होतं. ते पाण्यातून अलीकडं आले, अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, "ज्यांच्या अंगावर आहे त्यांनी येऊ नये. ज्यांना पूर्वी येऊन गेल्या त्यांनी अंघोळ करून, धुतलेलं नेसून यावं. गावाचं उरकलं की मी मागचं दार उघडतो. तुमचं मत अडवायचा अधिकार पाटलांना नाही आणि मलाही नाही." गावातले लोक त्यांच्यावर चिडलेच. बऱ्याच जणांनी पुढं पोरं शाळेत पाठवली नाहीत.

त्या दिवशी दुपार कलली आणि धाकट्याचा श्वास घरघरायला लागला. काकू दारात उभी. तू देव्हाऱ्यापुढं बसलीस आणि उठलीस. "बयेला इचारलं," म्हणालीस. "व्हय म्हनाली न्हाई, न्हाई बी म्हनाली न्हाई." कमरेला कडुलिंबाचा पाला खोचलास. माझ्या हातात ओलं फडकं दिलंस. "व्हट सुकू द्यायचं न्हाईत. ही आलेच मी." आणि उंबरा ओलांडलास.

पुढचं काकूनं सांगितलेलं. पडद्याआड पेट्या मांडलेल्या, ज्याची त्याची पेटी वेगळी, वर चित्र. तुला हवी ती पेटी तू बरोबर ओळखलीस. पण मताची चिठ्ठी फटीतून आत सारायची, हे तुझ्या मनातच आलं नाही. देवापुढं आपण ठेवतो तशी तू ती पेटीवर ठेवलीस, त्यावर कडुलिंबाचं पान ठेवलंस, नमस्कार केलास आणि बाहेर पडलीस. तुझ्यामागून काकू आत गेली, तिनं पाहिलं आणि बाहेर येऊन बोलली. पाटलांचा माणूस म्हणाला, "ऱ्हायलं तर ऱ्हायलं, एका मतानं काय बुडतंय?" दुसरा म्हणाला, "गुरुजी, सारा की तुमीच आत." गुरुजी म्हणाले, "मी हात लावणार नाही. तिचं मत आहे, तिनंच टाकायचं. बोलवा तिला."

काकू पळाली. तू ओढ्यात उतरली होतीस, पाणी घोट्यापर्यंत. तिनं काठावरून हाक मारली, "अगं माघारी ये, तुजं मत पेटीत गेलंच न्हाई!" काकू सांगायची, तू तशीच पाण्यात उभी राहिलीस. घराकडं बघितलंस. मग वळलीस.

इकडं धाकटा म्हणाला, "आये कुठंय?" मी म्हटलं, "आली बघ." फडकं ओठांवरून फिरवलं तेव्हा तो नेहमीसारखा चोखायला गेला नाही. मी तरी पुसत राहिले, तू सांगितलं होतंस म्हणून. तू पळत आलीस. लुगड्याचा काठ ओला, बोटावरची शाई ताजी. "कवा?" म्हणालीस. मी म्हटलं, "आत्ता." तू त्याच्याजवळ बसलीस आणि माझ्या हातातलं फडकं काढून घेतलंस. तेव्हा मला रडू आलं नव्हतं. आज लिहितानाही येत नाही. आत कुठंतरी बधिर झालंय ते तसंच राहिलं.

"मतापायी पोर घालवलं," असं आजी, तुझी सासू, मरेपर्यंत म्हणत राहिली. तू एकदाही उलट बोलली नाहीस. पुढं एकदा टोचणारा चपला हातात घेऊन ओढा ओलांडून आला. तू घराघरांतली पोरं हाताला धरून आणलीस, एकेकाची बाही वर केलीस. काम झाल्यावर त्याला ताक दिलंस आणि म्हणालीस, "लई उशीर केलासा." एवढंच. तो खाली बघून ताक प्यायला.

तू माघारी वळली नसतीस तर? मी हे पुष्कळदा मनात धरून बघितलं. कधी तुझा राग येतो, कधी त्या पाण्यात मीच उभी असते आणि कुठं जावं ते कळत नाही. तुला विचारायचं राहिलं. आता हा कागद घडी घालून तांदळाच्या डब्याखाली ठेवीन, दुसरं काय करणार?

एक मात्र सांगते, हे कुणाला सांगितलेलं नाही. मी एकही मत चुकवलेलं नाही. पण शाई लागली की मला तिथं थांबवत नाही, मी घराकडं पळत सुटते. परवाही पळाले, ह्या वयात, काठी टेकत. ती पोरगी मागून ओरडली, "अहो आजी, सावकाश! घरी कोण वाट बघतंय?"

कुणीच नाही, आये. तरी पळाले.