साफ केलेला फोटो

उंब्रज, ३ फेब्रुवारी २०२४

ती. सौ. अक्कास,
उदयसिंहचा शि. सा. न. वि. वि.

आईच्या वर्षश्राद्धाला पाटावर मांडायचा फोटो सोबत आहे. आधी तू बघ, मग काचेत घालतो. मोबाईलवर पाठवला नाही. फोटो कागदावरच बघावा, हे माझं मत तुला ठाऊक आहे. आधारकार्डावरच्या नखाएवढ्या फोटोचा बारा बाय पंधरा करायचा म्हणजे खेळ नव्हे. चार दिवस बसलो. सुरकुत्या, डाग, एकूण एक काढले. कुंकू लाव म्हणाली होतीस, ते मात्र लावलेलं नाही. आबा गेल्यापासून एकोणीस वर्षं तिनं लावलं नाही. मी फोटोत खोटं घालत नाही.

कराडच्या प्रदर्शनात माझ्या कोळ्याच्या जाळ्यावरच्या दवाला पहिलं बक्षीस मिळालं. कुठल्या वर्गाची पायरी न चढता. त्याचीही प्रत सोबत ठेवली आहे.

दाजींस नमस्कार. लोभ आहे तो तसाच असू द्यावा.
तुझा,
उदयसिंह


कडेगाव, ८ फेब्रुवारी

चि. उदयसिंहास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

फोटो पोचले. दवाचा लय झकास. शेजारच्या बायका बघून गेल्या, तुझे दाजी म्हणाले की कोळ्याच्या पायावरचा केसपण मोजून घ्यावा.

आता दुसऱ्याचं. मनाला लागंल, पण लिहिते. ही आपली आई न्हाई रं. दोन भुवयांच्या मधलं गोंदण कुठं हाय? सात वर्षांची असताना जत्रेत गोंदलेलं, तीन ठिपके. आबा गेले तवा बायकांनी तिचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या. बाराव्याला मी तिची वेणी घालत होते, तर म्हणाली, मने, ह्ये काय त्यांना पुसता आलं न्हाई. तेवढंच उरलं होतं कपाळावर. ते तू पुसलंस. खोटं घालत न्हाईस म्हणतोस, आणि खरं काढून टाकलंस.

ह्या फोटोला मी हार घालणार न्हाई. त्यापरीस पाट मोकळा ठेव.

जेवणखाण वेळेवर कर. रागानं लिहिलं तरी माया आटत न्हाई, हे ध्यानात ठेव.
तुझी,
अक्का


उंब्रज, १२ फेब्रुवारी

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न.

कॉम्प्युटरनं पुसलं असं लिहिणार होतो. ते खोटं. मीच पुसलं. मूळ फोटोत कपाळावर नुसती धुरकट छटा आहे. मला छपाईचा डाग वाटला. चेहरा चारपट मोठा केला आणि तो डाग हातानं पुसला.

तीन दिवस शोधतोय. माझ्याकडं एकतीस हजार फोटो आहेत. ज्वारी पाखडताना तिचे हात आहेत. चुलीच्या जाळापुढं तिची पाठ आहे. परसात वाळत घातलेल्या लुगड्यावर पडलेली तिची सावली आहे, तिलाही एकदा बक्षीस मिळालं. चेहरा एकात नाही. कॅमेरा वळवला की तीच म्हणायची, माझं त्वांड कवाबी काढशील, आदी फुलावरचं ऊन जाईल बघ. आणि मी फुलाकडं वळायचो.

साफ केलेला फोटो फाडला. नवा, सुरकुत्यांसकट, आज एसटीनं पाठवला आहे. कपाळ मी भरलेलं नाही. श्राद्ध वीस तारखेला, तू एकोणीसला येशीलच. येण्याआधी बारीक पेनानं ते ठिपके तुझ्या हातानं दे. मी दिले असते. पण ते ओळीत होते की तिकोनी, हे मला सांगता येत नाही, अक्का. पन्नास वर्षं तिच्यासमोर बसून जेवलो.

रागावलीस तरी लोभ सोडू नकोस.
तुझा,
उदय