मामाची पाच मिनिटं

तीर्थस्वरूप मामीस,

तुझ्या एकुलत्या एका ग्रंथपाल भाचीचा नमस्कार. (वाकून केला आहे असं समज. पत्र संपेपर्यंत मी तशीच वाकलेली राहणार आहे.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करतेस, की त्यांचा कागद नुसता भिंतीला चिकटवून ठेवला आहेस? नातीचे पुढचे दोन दात पडल्याचं कळलं. इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून सगळे.

शनिवारी तू तिला घेऊन आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात येणार आहेस. तिच्या जन्माआधीच मामा गेला, तिने आजोबांचा आवाज कधी ऐकला नाही, म्हणून तिला मामाची फिल्म दाखवायची आहे. तू हे फोनवर सांगितलंस तेव्हा मी ‘ये की, कधीही ये’ असं फार उत्साहाने म्हणाले. त्या उत्साहाबद्दल हे पत्र आहे. खरं तर फोनच करायचा होता, पण फोनवर तू मध्येच प्रश्न विचारतेस.

तर फिल्म. विषय इमारतीतल्या लिफ्टची देखभाल, लांबी बावीस मिनिटं, त्यातली पाच जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेल्या आपल्या मामाची. (बाकीची सतरा मिनिटं आपण कधीच नीट पाहिली नाहीत, हे मान्य कर.) तुझ्या कपाटाला ओल येते म्हणून तिची डिस्क तू माझ्या हवाली केलीस, आणि मी ती ग्रंथालयात नोंदवून, क्रमांक घालून जपून ठेवली. पुढे आमच्याकडे सुधारणा आली. यापुढे डिस्क नकोत, फिल्म इंटरनेटवरूनच बघायच्या, असं ठरलं. एका कंपनीने हजारभर फिल्मचा गठ्ठा दिला, त्यात मामाचीही निघाली. मग गठ्ठ्यात जे आहे ते कपाटात कशाला, असं समितीचं मत पडलं आणि निर्लेखनाची यादी झाली. (रद्दीत काढण्याला आमच्यात निर्लेखन म्हणतात, त्यामुळे कमी वाईट वाटतं.) त्या यादीत तुझी डिस्कही गेली. मामी, ती डिस्क आता नाही. हे एक वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

आता तू म्हणशील, गठ्ठ्यात आहे ना, मग रडतेस कशाला? तिथेच तर सगळी मेख आहे. डिस्क घेतली की ती आपली, पार झिजेपर्यंत. इंटरनेटवरची फिल्म मात्र ग्रंथालय विकत घेतच नाही, ठरावीक मुदतीपुरती बघण्याची परवानगी घेतं. आमची मुदत तीन वर्षांची होती. करार चोवीस पानी होता आणि मी तो अक्षर न् अक्षर वाचला होता. तरी गेल्या महिन्यात एका सकाळी हजार फिल्म एकदम गायब झाल्या तेव्हा मीच सगळ्यांत जास्त दचकले. ही कंपनी फक्त महाविद्यालयांशी व्यवहार करते, त्यामुळे तुला घरी घेऊन देण्याचीही सोय नाही. फिल्म काढणाऱ्यांचा पत्ता शोधला, तर तिथे आता चष्म्यांचं दुकान आहे.

मग कंपनीनेच नवी योजना आणली. सगळ्या फिल्म यादीत दिसणार, कुणीही कुठलीही उघडावी. एखादी फिल्म चार वेळा, दर खेपेस अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त चालली, की लोकांना ती हवी आहे असं धरून वर्षभराची परवानगी आपोआप ग्रंथालयाच्या नावावर लागणार. मामा यादीत होता! चार वेळा उघडायचा, की काम फत्ते. पण योजना सुरू झाली त्याच सकाळी प्राचार्यांना तिचं प्रात्यक्षिक दाखवायचं होतं. त्यांच्यासमोर घरची फिल्म कशी लावायची, असा नको तो सभ्यपणा मला सुचला. मामाला दुपारी निवांत बघू म्हटलं आणि यादीतली पहिलीच फिल्म उघडली. मिनिटभर चालली तरी आवाज येईना. बंद करून पुन्हा लावली, तर चित्र अडकलं. तिसऱ्यांदा पडदाच काळा झाला. चौथ्यांदा छान चालली, आणि माझं अभिनंदन करणारी ईमेल सगळ्यांच्या देखत पडद्यावर उतरली. मोठ्या जनावरांच्या खुरांची निगा ही पंचावन्न मिनिटांची फिल्म आता वर्षभर आपली आहे. आमच्याकडे खूर असलेलं कुणी शिकतही नाही आणि शिकवतही नाही.

प्राचार्य घाबरले. कुणी काही उघडलं तरी परवानगी लागते म्हणजे काय, म्हणून त्यांनी दुपारच्या आत योजना बंद केली. आता जी फिल्म हवी ती वर्गात शिकवायला लागते, असं प्राध्यापकांनी लिहून दिलं तरच मिळते. त्याच चार वेळा मी मामाला उघडलं असतं तर! उठता-बसता हेच मनात येतं. माझं लग्न ठरल्यावर मी सगळ्यांत आधी मामाला सांगितलं होतं, आणि त्याचा आवाज मला अर्ध्या मिनिटाच्या चार खेपांत वाचवता आला नाही. फार चुकलं माझं, मामी.

नातीला पापा. गुडघ्याला जप. राग आला तर गिळू नकोस, त्याने तुझं डोकं दुखतं.

तुझीच,
करारातली चोवीस पानं वाचलेली

ता. क. शनिवारी येऊ नकोस, गुरुवारी अकराला ये. यंत्र विभागाच्या सरांकडे मी चार हेलपाटे घातले. ते म्हणतात, इतक्या जुन्या लिफ्टबद्दल मुलांनी काही विचारलं तर उत्तर कोण देणार? मी म्हटलं, माझी मामी. तीस वर्षं रोज जेवताना तू दुसरं ऐकलंस काय? शेजारची लिफ्ट अडकली तेव्हा नुसता आवाज ऐकून बिघाड तूच सांगितला होतास. फिल्म वर्गात शिकवायला लागते असं लिहून सरांनी सही केली आहे, गुरुवारी ती सुरू होईल, आणि तुझं व्याख्यान फलकावरही लागलं आहे. तुला विचारायचं राहून गेलं, ते आता विचारते. येशील ना?

ता. क. दुसरं. गुरुवारपर्यंत फिल्मचा फुकट नमुना तेवढा दिसतो. त्यात मामाचे बूट दिसतात, तो खाकरतो, बोलायला तोंड उघडतो आणि परवानगी नसल्याची पाटी येते. मी तो नमुना किती वेळा पाहिला ते विचारू नकोस.

ता. क. शेवटचं. वर ‘समिती’ म्हटलं आहे, ती म्हणजे मीच. यादी माझी, सही माझी. डिस्कच्या वेष्टनावर तुझ्या अक्षरात ‘सांभाळ गं’ लिहिलेलं होतं, ते मी वाचलं होतं आणि तरी ती खोक्यात टाकली. गुरुवारी मला काय बोलायचं ते बोल, पण आधी मामाची पाच मिनिटं होऊ दे. त्यानंतर तुला बोलायला सुचणार नाही, या एका आशेवर मी आहे.